स्वभावाला औषध नाही? : मधुमेह, उतारवय आणि खिन्नतेचा इतिहास

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण बहुधा बोलणे संपवण्यासाठी वापरतो. ती उच्चारली की पुढे काही करण्यासारखे उरत नाही. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आणि अनेक वर्षे मधुमेह असलेल्या माणसाबद्दल ती घरोघरी ऐकू येते. आजोबा पथ्य पाळत नाहीत, हेकट आहेत. आजी कुणाशी बोलत नाही, पहिल्यापासूनच अबोल. काका साखर तपासायला चिडतात, त्यांचा पिंडच तापट. ‘शुगर’ आहे, वय झाले आहे, त्यात हा स्वभाव, असे म्हणून आपण विषय मिटवतो.

गेली काही वर्षे मी रोगांच्या इतिहासावरचे जुने-नवे लेखन वाचतो आहे. त्यात मधुमेहाच्या इतिहासाने मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले, कारण या रोगाशी माणसाच्या मनाची आणि स्वभावाची सांगड फार पूर्वीपासून घातली गेली आहे. त्या सांगडीत काही खरे निरीक्षण आहे आणि पुष्कळसा दोषारोपही आहे. ‘हा रोग कोणत्या स्वभावाच्या माणसाला होतो?’ हा प्रश्न वैद्यकाने शतकानुशतके विचारला आणि त्याचे उत्तर देताना दर वेळी रोग्यालाच दोषी ठरवले. ‘हा रोग घेऊन वर्षानुवर्षे जगताना माणसाच्या मनाचे काय होते?’ हा प्रश्न गांभीर्याने विचारायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. प्रश्न बदलला तेव्हा उपचारही बदलले. या लेखात मला तो बदल कसा झाला ते सांगायचे आहे.

शोक, उद्वेग आणि वात

सुरुवात आपल्याच ग्रंथांपासून करू. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत : कफाचे दहा, पित्ताचे सहा आणि वाताचे चार. मधुमेह हा वाताच्या चार प्रकारांपैकी एक. कफज प्रमेहाच्या कारणांत नवे धान्य, दही, गुळाचे पदार्थ, फार झोप, हालचालीचा अभाव ही आज ओळखीची वाटणारी यादी येते. वातज प्रमेहाची यादी मात्र वेगळी आहे. तीत उपवास, जागरण, अतिश्रम यांच्या बरोबरीने उद्वेग आणि शोक हे दोन शब्द आहेत. म्हणजे मनाची अवस्था रोगाच्या कारणांत धरलेली आहे, आणि तीही असाध्य मानलेल्या प्रकाराच्या कारणांत.

त्याच निदानस्थानात स्वभावाचेही एक चित्र आहे. खाण्याची हाव असलेला, अंघोळीचा आणि चालण्याफिरण्याचा कंटाळा करणारा, उत्साह मंद असलेला, स्थूल माणूस या रोगाला लवकर बळी पडतो असे सांगताना घरट्याच्या झाडाकडे येणाऱ्या पाखरांचा दृष्टान्त दिला आहे. दृष्टान्त सुंदर आहे, पण त्यात रोग्याविषयीची नापसंतीही लपलेली नाही. ‘मंद उत्साह’ हे रोगाचे कारण की रोगाचे लक्षण, हा प्रश्न तिथे उपस्थित होत नाही. पुढची दोन हजार वर्षे हाच प्रश्न निसटत राहिला, म्हणून तो इथेच नोंदवून ठेवतो.

सुश्रुताने प्रमेहाचे दोन भेद केले : जन्मतः येणारा आणि अपथ्याने होणारा. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. त्याच्या चिकित्सेतला एक भाग मला विशेष वाटतो. निर्धन रोग्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी असे तिथे सांगितले आहे. हा सल्ला कठोर वाटेल. पण त्यात रोग्याचा स्वभाव कसा आहे याची चौकशी नाही. त्याने काय करायचे ते सांगितले आहे. उपचाराची दिशा म्हणून ती चौकशीपेक्षा बरी होती.

ऑक्सफर्डचा वैद्य, पॅरिसचा ससा, हार्वर्डचे खेळाडू

युरोपात मधुमेहाला शोकाशी जोडणारे सर्वांत प्रसिद्ध नाव थॉमस विलिस यांचे. मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिन्यांच्या वर्तुळाला आजही त्यांचे नाव आहे. १६७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या औषधिविषयक ग्रंथात त्यांनी मधुमेह्याच्या लघवीला मधासारखी गोड चव असते हे नोंदवले आणि या रोगामागे दीर्घकाळचे दुःख असू शकते असेही लिहिले. मेंदूचा अभ्यासक आणि उन्मनावस्थेवर लिहिणारा वैद्यच हे म्हणत होता, त्यामुळे या विधानाला वजन आले. मधुमेह आणि खिन्नता यांवरचे आजचे शोधनिबंधही पुष्कळदा विलिसपासूनच सुरू होतात.

शंभर वर्षांनी, १७७६ साली, लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी लघवीतला गोडवा साखरेचाच असल्याचे दाखवले आणि रक्तही गोड असते हे नोंदवले. आता रोगाला मोजता येईल असा पदार्थ मिळाला होता. पण मनाची गोष्ट मागे पडली नाही. १८४९ साली पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांनी सशाच्या मेंदूत, चौथ्या पोकळीच्या तळाशी, सुई टोचली आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. मज्जासंस्थेतून साखरेवर हुकूम चालतो याचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होता. मग चिंता, धक्का, शोक यांनी मधुमेह होतो असे मानायला वैद्यांना शास्त्राचाच आधार मिळाल्यासारखे झाले. १८७९ साली इंग्लंडचे मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ली यांनी तर वेडाची परंपरा असलेल्या कुटुंबांत मधुमेह वारंवार दिसतो असे लिहिले.

१९११ साली हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी घाबरलेल्या मांजरांच्या लघवीत साखर दाखवली. मग त्यांच्या प्रयोगशाळेने विद्यापीठाच्या फुटबॉल संघाकडे मोर्चा वळवला. १९१३च्या हंगामातल्या शेवटच्या, सर्वांत चुरशीच्या सामन्यानंतर २५ खेळाडूंची तपासणी झाली; १२ जणांच्या लघवीत साखर सापडली. त्यांतले पाच जण राखीव खेळाडू होते. मैदानात त्यांनी पाऊलही ठेवले नव्हते, नुसते काठावर बसून होते.

हा प्रयोग मला फार बोलका वाटतो. भावनेने साखर वाढते हे त्यातून स्पष्ट झाले. पण त्या बारा तरुणांपैकी कुणाला त्या सामन्याने मधुमेह जडला नव्हता. भीती ओसरली की साखरही उतरते. तात्पुरती वाढ आणि कायमचा रोग यांतले अंतर कॅनन यांना ठाऊक होते. त्यांच्या नावाचा आधार घेणाऱ्या अनेकांना ते लक्षात ठेवावेसे वाटले नाही.

दरम्यान रोगाचे शारीरिक मूळ सापडले होते. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना इन्सुलिन मिळाले आणि जानेवारी १९२२ मध्ये १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते पहिल्यांदा टोचले गेले. आता मनाची कहाणी संपायला हवी होती. ती संपली नाही.

कोणाचा रोग?

ती का संपली नाही हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन भाषिक प्रदेशांत मधुमेहाला ‘ज्यूंचा रोग’ म्हटले जाई. ज्यू लोक स्वभावतः चिंताक्रांत, त्यांच्या नसा नाजूक, म्हणून त्यांना मधुमेह होतो असे स्पष्टीकरण दिले जाई. त्या समाजाने सोसलेली असुरक्षितता, त्यांचे शहरी व्यवसाय आणि डॉक्टरकडे जाण्याचे त्यांचे प्रमाण हे सारे एका शब्दात, ‘स्वभाव’ या शब्दात, गुंडाळले गेले.

असाच शब्द आपल्या वाट्यालाही आला. १९०७ साली एक्झेटर येथे भरलेल्या ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात उष्ण कटिबंधातल्या मधुमेहावर चर्चा झाली. तीत हा रोग प्रामुख्याने शिकलेल्या, बैठे काम करणाऱ्या, डोक्याला ताण देणाऱ्या बंगाली भद्रलोकांचा असल्याचे मांडले गेले. कचेरीतली नोकरी, परीक्षा, चिंता आणि आळस यांचे ते मिश्रण होते. बर्लिनमध्ये ज्यू आणि कलकत्त्यात बाबू. समाज वेगळे होते, स्पष्टीकरणाचा साचा एकच होता. ज्या समाजाविषयी बोलणाऱ्याच्या मनात आधीच अढी आहे, त्या समाजाच्या स्वभावात रोगाचे कारण सापडते.

‘मधुमेही व्यक्तिमत्त्व’ नावाची कल्पना

१९३०च्या दशकात अमेरिकेत मनोकायिक वैद्यकाची लाट आली. प्रत्येक दीर्घ रोगामागे विशिष्ट व्यक्तिमत्त्व आणि विशिष्ट आंतरिक संघर्ष असतो, अशी त्या विचाराची धाटणी होती. १९३५ साली फ्लँडर्स डनबार यांचा भावना आणि शारीरिक बदल यांवरचा मोठा संग्रहग्रंथ आला. त्याच वर्षी कॅन्ससचे विल्यम मेनिंजर यांनी मधुमेहाच्या उगमातल्या मानसिक घटकांवर निबंध लिहिला. पुढे ‘मधुमेही व्यक्तिमत्त्व’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मधुमेही माणूस परावलंबी, अनिर्णायक, आतून असमाधानी, खिन्न असतो असे वर्णन होऊ लागले.

या वर्णनातली अडचण आज सहज दिसते. मनोविश्लेषकाकडे येणारा मधुमेही हा मुळात मनाची तक्रार घेऊन आलेला असतो. तो खिन्न दिसला तर त्यात नवल काय? दुसरे म्हणजे लहान वयात इन्सुलिनवर जगणारे मूल आणि पन्नाशीनंतर मधुमेह जडलेला व्यापारी यांना एकाच व्यक्तिमत्त्वात कोंबले गेले. हे दोन वेगळे रोग असावेत हे लंडनच्या हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. तिसरी अडचण चरकापाशी आपण नोंदवलेलीच : परावलंबित्व आणि खिन्नता आधी होती, की रोज सुई टोचून घेत, ताटातले मोजत आणि डोळे जातील की पाय जाईल या धास्तीत जगताना आली?

१९८१ साली सिडनीच्या डन आणि टर्टल यांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मधुमेही व्यक्तिमत्त्व ही एक दंतकथा आहे असा निष्कर्ष काढला. मधुमेह्यांचा म्हणून वेगळा असा स्वभाव नाही. ही कल्पना जवळजवळ अर्धे शतक टिकली होती आणि तेवढ्या काळात अनेक रोग्यांना आपला रोग आपल्या स्वभावाचे फळ आहे असे ऐकून घ्यावे लागले होते.

मंडाले

या विषयावर मराठी माणसाशी बोलताना एक नाव हमखास निघते, लोकमान्य टिळकांचे. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह होता. इन्सुलिन यायला अजून तेरा वर्षे होती. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, ती बातमीही त्यांना तिथेच मिळाली. १९१४ साली सुटून ते पुन्हा राजकारणात उतरले.

घरातला एखादा मधुमेही वृद्ध खचला की हे उदाहरण त्याच्यापुढे ठेवले जाते. टिळकांनी मंडालेत ग्रंथ लिहिला, तुम्हाला घरात बसून काय झाले? मला हा युक्तिवाद अन्यायाचा वाटतो, रोग्यावरही आणि टिळकांवरही. त्यांच्या मनोधैर्याविषयी वाद नाही. पण मंडालेतल्या दिनक्रमाकडे नीट पाहिले तर इतर गोष्टीही दिसतात. पथ्याचा आहार होता. तो रांधून देणारा आणि सोबत राहणारा एक कैदी त्यांना दिलेला होता. पुस्तके होती, ठरलेल्या वेळा होत्या, रोज पुढे न्यायचे एक काम होते. आज वृद्ध मधुमेह्याच्या खिन्नतेवर इलाज करणारी पथके ज्या गोष्टी हळूहळू उभ्या करू पाहतात, त्यांतल्या बऱ्याच या यादीत आहेत. थोर माणसाचा स्वभाव उसना मिळत नाही. पण दिनक्रम, सोबत आणि काम मिळवून देता येते.

मोजमापाचा काळ

व्यक्तिमत्त्वाची दंतकथा संपली म्हणून स्वभावाचा प्रश्न संपला नाही. तो अधिक काटेकोर झाला. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसांतला फरक सांगणारे १७,९५३ शब्द वेचले होते. पुढच्या अर्धशतकात अनेकांनी ते गाळत गाळत पाच मोठ्या गुणांवर आणले : भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, नव्याची ओढ, मनमिळाऊपणा आणि नेटकेपणा. हे पाच कप्पे नाहीत, पाच मोजपट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठे तरी असतो.

या पट्ट्यांनी मोजल्यावर दोन गोष्टी पुनःपुन्हा दिसल्या. भावनिक अस्थिरता जास्त असलेल्या माणसाला, मधुमेह असो वा नसो, खिन्नतेचा धोका जास्त असतो. आणि नेटकेपणा कमी असेल तर मधुमेहाचा धोका थोडा वाढतो; २०१४ साली पाच दीर्घकालीन अभ्यासांतल्या चौतीस हजारांहून अधिक माणसांच्या माहितीतून हे पुढे आले. त्याचे स्पष्टीकरणही साधे आहे. नेटका माणूस गोळ्या वेळेवर घेतो, चालायला जातो, वजन सांभाळतो. यात गूढ असे काही नाही.

खिन्नतेचे मोजमापही याच काळात झाले. २००१ साली अँडरसन, लस्टमन आणि सहकाऱ्यांनी ४२ अभ्यास एकत्र केले. मधुमेह्यांमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या दुप्पट निघाली. प्रश्नावली भरून घेतली तर ३१ टक्के, तज्ज्ञाने मुलाखत घेऊन निदान केले तर ११ टक्के. या दोन आकड्यांतल्या फरकाकडे पुढे येतो.

मग विलिस बरोबर होते का? अर्धे बरोबर होते. नैराश्य असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचे प्रमाण काहीसे जास्त आढळते. पण उलटी वाटही आहे, आणि तिच्यातली एक गोष्ट विलक्षण आहे. २००८ साली अमेरिकेतल्या ४५ ते ८४ वयाच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा मधुमेह माहीत होता आणि उपचार चालू होते, त्यांच्यात पुढे खिन्नतेची लक्षणे वाढली. ज्यांची साखर वाढलेली होती पण उपचार सुरू झाले नव्हते, त्यांच्यात ती वाढली नाहीत. साखरेचा मनावर थेट परिणाम एवढेच कारण असते तर दोन्ही गटांत सारखेच दिसायला हवे होते. याचा अर्थ रोग असणे आणि रोगी म्हणून जगणे यांत फरक आहे. रोजच्या गोळ्या, ताटावरची नजर, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा आणि त्या आकड्यावरून होणारी हजेरी यांचा भार मनावर पडतो. या भाराला स्वतंत्र नाव देऊन तो मोजणारी वीस प्रश्नांची प्रश्नावली १९९५ साली बॉस्टनच्या जॉस्लिन केंद्रात तयार झाली. हा भार आणि नैराश्य एकच नाहीत. पण भार कुणी ओळखलाच नाही तर नैराश्याची वाट सोपी होते.

म्हातारपणाची अडचण

वृद्धांच्या बाबतीत गुंता वाढतो, कारण लक्षणे एकमेकांत मिसळतात. थकवा, झोप न लागणे, भूक कमी होणे, वजन उतरणे, मंदपणा. ही नैराश्याची लक्षणे आहेत, मधुमेहाचीही आहेत आणि नुसत्या वयाचीही असू शकतात. ३१ आणि ११ टक्क्यांतला फरक काही अंशी इथून येतो : प्रश्नावलीत शरीराच्या तक्रारी विचारल्या की खिन्न नसलेला मधुमेहीही गुण मिळवतो. उलट खऱ्या खिन्न वृद्धाच्या तक्रारी ‘शुगरमुळे होतंय’ म्हणून बाजूला पडतात. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या येसाव्हेज आणि सहकाऱ्यांनी खास वृद्धांसाठी तीस प्रश्नांची ‘हो-नाही’ प्रश्नावली केली. शंभर प्रश्नांतून निवड करताना शरीराच्या तक्रारींचे प्रश्न गळले. उरले ते मनाचे : आयुष्याबद्दल समाधान वाटते का, कंटाळा येतो का, आपण निरुपयोगी झालो असे वाटते का.

आपल्याकडे आणखी एक पडदा आहे, भाषेचा आणि संस्कारांचा. वृद्ध माणूस गप्प झाला, सणावारात रमेनासा झाला, खाण्यापिण्यातून त्याचे मन उडाले की आपण त्याला विरक्ती म्हणतो. निवृत्ती हे आपल्याकडे वयाचे भूषण आहे. आणि विरक्ती म्हणण्यासारखे काही दिसले नाही, नुसती चिडचिड दिसली, तर स्वभाव हा शब्द हाताशी असतोच. भूषण आणि दोष या दोन शब्दांच्या मध्ये आजार हा तिसरा शब्द असू शकतो हे ध्यानात येत नाही.

माझ्या एका मावशीच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले. ती निवृत्त शिक्षिका, अठरा वर्षे मधुमेह. काका गेल्यानंतर तिने सकाळचे फिरणे सोडले, मग ग्लुकोमीटर कपाटात गेला, मग फोन उचलणे बंद झाले. ‘ती पहिल्यापासून मितभाषीच’ असे सगळेच म्हणत. दर तीन महिन्यांनी साखरेचा आकडा वाढलेला दिसे, दर वेळी डॉक्टर रागावत, गोळी वाढे. वर्षभराने दुसऱ्या एका तरुण डॉक्टरबाईंनी आकडा बाजूला ठेवून विचारले, “मावशी, शेवटचं मनापासून काय केलंत?” मावशीला उत्तर देता आले नाही. ती रडली. नैराश्याचे औषध सुरू झाले, आठवड्याला एक फोन ठरला, आणि शेजारच्या मुलीला गणित शिकवायचे काम तिच्यावर सोपवले गेले. सहा महिन्यांत ती पुन्हा फिरायला लागली. साखर फारशी उतरली नाही. मितभाषी ती आजही आहे.

औषध कशाला?

मावशीच्या बाबतीत जे दिसले ते मोठ्या अभ्यासांतही दिसले आहे. अमेरिकेत साठीपुढच्या १,८०१ खिन्न वृद्धांवर एक प्रयोग झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या दवाखान्यातच एक प्रशिक्षित परिचारिका किंवा मानसशास्त्रज्ञ त्यांच्या संपर्कात राहत असे आणि पाठीमागे तज्ज्ञ असत. त्यांतल्या ४१७ मधुमेह्यांचा निकाल २००४ साली आला. खिन्नता कमी झाली, रोजचे व्यवहार सुधारले, व्यायामाचे दिवस वाढले. तीन महिन्यांची साखर मात्र बदलली नाही. काहींना हा निकाल निराशाजनक वाटला. मला तो प्रामाणिक वाटतो. माणसाचे दुःख कमी करण्यासाठी त्याची साखर उतरण्याची अट घालणे हे त्या जुन्या दोषारोपाचेच नवे रूप आहे.

दोन्हींवर एकत्र लक्ष दिले तर दोन्ही सुधारू शकतात, हेही पुढे दिसले. भारतात दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील चार दवाखान्यांत मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर अशी एकत्रित पद्धत वापरली गेली. तिचे निष्कर्ष २०२० साली आले. खिन्नता निम्म्याने कमी होणे आणि त्याबरोबर साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एकात ठरावीक सुधारणा होणे हे उद्दिष्ट दोन वर्षांनी ७१.६ टक्के रुग्णांनी गाठले; नेहमीच्या उपचारात ते प्रमाण ५७.४ टक्के होते. या पद्धतीचा कणा म्हणजे डॉक्टर नसलेला, पण नियमित विचारपूस करणारा एक समन्वयक.

आणि स्वभाव? त्याबाबतही दोन गोष्टी कळल्या आहेत. खिन्नतेच्या काळात माणसाचा स्वभाव मोजला तर भावनिक अस्थिरता फुगलेली दिसते आणि आजार उतरला की ती खाली येते, हे १९८३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसले होते. २०१७ साली उपचारांनी व्यक्तिमत्त्वात होणाऱ्या बदलांच्या २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांत भावनिक स्थैर्य लक्षणीय वाढले आणि उपचार संपल्यानंतरही बरेचसे टिकले. म्हणजे ज्याला आपण स्वभाव समजत होतो त्यातला एक भाग आजाराचा होता आणि आणखी एक भाग आपल्याला वाटते तितका पक्का नव्हता. उरलेला माणसाचा स्वतःचा असतो. त्याला औषधाची गरजही नसते. मितभाषी माणसाने मितभाषी राहूनच बरे व्हावे.

आकडे पाहिले तर हा विषय काही थोड्या घरांचा नाही. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासातून भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचा अंदाज पुढे आला. मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्याविज्ञान संस्थेच्या समन्वयाने २०१७-१८ मध्ये वार्धक्याची पाहणी झाली. तीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्य असण्याची शक्यता आढळली. पण ‘डॉक्टरने मला नैराश्य असल्याचे सांगितले आहे’ असे म्हणणारे फक्त ०.८ टक्के होते. दहापैकी नऊ जणांना कुणी विचारलेलेच नाही.

विचारायला फार लागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश राहिले का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतली गोडी गेली का, या दोन प्रश्नांनी सुरुवात करण्याची पद्धत आज दवाखान्यांत रूढ आहे. यांतल्या एकाचेही उत्तर ‘हो, बहुतेक दिवस’ असे आले तर डॉक्टरांकडे ते सांगायला हवे, साखरेच्या आकड्याइतक्याच स्पष्टपणे. जगण्याचा कंटाळा आल्याचे कुणी बोलून दाखवले तर त्याच दिवशी. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आल्यावर घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्यांच्या हातातल्या करंजीवर सगळ्यांची नजर जाईल. त्याच वेळी हे दोन प्रश्न विचारून पाहावेत, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.